फायबरला थिनर चालतो, हे खरं नाही

जुन्या जीपच्या फायबर हार्डटॉपवरचा निवडणुकीतला स्टिकर काढायचा असो, बसच्या दर्शनी भागावरचं ट्रॅव्हल्सचं नाव बदलायचं असो किंवा एखाद्याने हौसेने जपलेल्या सिपानी डॉल्फिनच्या बॉनेटवरची रेडियमची पट्टी उतरवायची असो, सल्ला बहुतेक वेळा एकच मिळतो : ‘फायबर आहे, त्याला काय होतंय? थिनर मारा, पत्तीने खरवडा, मोकळे व्हा.’ यामागचा तर्क सरळ वाटतो. पत्र्याला खोल ओरखडा गेला की गंज धरतो, फायबर गंजत नाही, म्हणून फायबरवर हात सैल सोडायला हरकत नाही. यातलं फायबर गंजत नाही हे खरं आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे, आणि त्याची किंमत गाडीचा मालक पुढची कित्येक वर्षं मोजत राहतो.

फायबरची बॉडी बनते कशी हे एकदा पाहिलं की चूक कुठे आहे ते कळतं. साच्याला आधी मेण चोळतात, म्हणजे तयार झालेला भाग सुटून येतो. त्यावर जेलकोटचा थर मारतात. मग काचेच्या तंतूंची चटई पसरून ती पॉलिएस्टर रेझिनमध्ये भिजवतात आणि रोलरने दाबून आतली हवा काढतात. साच्यातून निघालेल्या भागाची बाहेरची गुळगुळीत बाजू म्हणजे तो जेलकोट. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. त्याखालच्या थरात काचेचे तंतू आहेत, तंतूंमध्ये अडकलेली हवेची सूक्ष्म छिद्रं आहेत, आणि वरचा जेलकोट फाटला की पाणी तंतूंच्या कडेने आत झिरपत जातं. फायबर गंजत नसलं तरी ते पाणी पितं, फुगतं, त्याला फोड येतात. या सगळ्यापासून त्याला वाचवतो तो वरचा अर्धा मिलिमीटर, आणि ‘त्याला काय होतंय’ म्हणत पत्ती चालते ती नेमकी त्याच्यावरच.

शिवाय सगळं फायबर एकसारखं नसतं. शेवरोलेची कॉर्व्हेट १९५३ साली अमेरिकेत मिशिगनमधल्या फ्लिंट इथे बनायला लागली, तेव्हा पहिल्या वर्षी फक्त ३०० गाड्या निघाल्या आणि त्या सगळ्या पांढऱ्या होत्या. पुढे या गाडीचे फायबरचे भाग धातूच्या जोडसाच्यांत दाबून बनवले गेले. त्यांच्यावर जेलकोट नसतो, रंग थेट फायबरवर बसतो. लोटसने १९५७ साली लंडनच्या मोटार प्रदर्शनात मांडलेल्या एलिटची गोष्ट आणखी वेगळी. त्या गाडीला नेहमीची वेगळी चेसिस नव्हती, भार पेलायचं काम फायबरच्या बॉडीकडेच होतं. बंगळुरूच्या सिपानीने १९८२च्या सुमाराला ब्रिटनच्या रिलायंट किटनवरून घेतलेली डॉल्फिनही फायबरचीच, ८४८ सीसीचं इंजिन असलेली छोटी गाडी. या तिन्ही गाड्यांना ‘फायबर’ हा एकच शब्द लागतो, पण तिघींचा पृष्ठभाग एका द्रावणाने पुसा असं म्हणता येत नाही. डबा उघडण्याआधी बोटाखाली काय आहे ते ओळखावं लागतं : उघडा जेलकोट, जेलकोटवरचा रंग, की सरळ फायबरवर बसलेला रंग.

रंगाचा प्रश्न तर थिनरवाल्यांनी विचारात घेतलेलाच नसतो. आपल्याकडे ज्याला ‘ड्युको’ म्हणतात तो नायट्रोसेल्युलोज लॅकर. लॅकर वाळतो म्हणजे त्यातला थिनर उडून जातो आणि रंगाचा थर मागे राहतो, बाकी काही घडत नाही. त्यामुळे वाळलेल्या लॅकरवर वीस वर्षांनी थिनर टाकला तरी तो पुन्हा विरघळतो. कॉर्व्हेटवर लॅकरच मारला जायचा. १९८१ साली तिचं उत्पादन सेंट लुईसहून केंटकीतल्या बोलिंग ग्रीनला हललं, तेव्हा तिथे नव्या पद्धतीचा इनॅमल आणि त्यावर क्लिअर कोट आला. म्हणजे मूळ रंग टिकून असलेल्या जुन्या कॉर्व्हेटवरचा गम थिनरने काढायला घेतला, तर आधी रंग निघतो आणि गम मागून. आपल्याकडच्या जुन्या, ड्युको मारलेल्या फायबर बॉडीचंही तेच. ओळखायला फार अक्कल लागत नाही. दाराच्या आतल्या कडेला किंवा बॉनेटच्या खालच्या बाजूला, जिथे नजर जात नाही तिथे, पांढऱ्या फडक्यावर थेंबभर थिनर घेऊन हलकेच पुसावं. फडक्याला रंग लागला तर तो लॅकर आहे, आणि थिनरचा विषय तिथेच संपला.

थिनरच्या बाजूने एक मुद्दा मात्र वजनाचा आहे, तो टाळून पुढे जाता येणार नाही. फायबरच्या होड्या बांधणारे कारागीर अ‍ॅसिटोन सर्रास वापरतात. ब्रश आणि रोलर त्यानेच धुतात, आणि जोडकामाआधी जेलकोटही त्याने पुसतात. होडी विरघळून जात नाही. मग गाडीलाच काय होणार?

होडीवाल्यांचा अनुभव खरा आहे. पूर्ण पक्कं झालेलं पॉलिएस्टर रेझिन अ‍ॅसिटोनच्या एका झटपट पुसण्याने विरघळत नाही, कारण त्याचे रेणू एकमेकांत पक्के गुंफले गेलेले असतात. पण होडीवर कारागीर पुसतो तो उघडा, नवा, अखंड जेलकोट. हात एकदा फिरतो, अ‍ॅसिटोन क्षणात उडून जातं. स्टिकरचा गम काढताना घडतं ते याच्या अगदी उलट. फडकं ओलं करून गमावर दाबून धरलं जातं, पुन्हा ओलं केलं जातं, पुन्हा दाबलं जातं. खाली रंग असतो, रंगाला बारीक चिरा असतात, गाडी तीस-चाळीस वर्षं उन्हात उभी राहिलेली असते. द्रावण तिथे मुरायला वेळ मिळतो. मुरलेलं द्रावण रेझिनला विरघळवत नसलं तरी फुगवतं, नरम करतं, आणि रंगाची पकड सोडवतं. होडीच्या कारखान्यातली सवय तिथल्या कामाला योग्य आहे. जुन्या रंगवलेल्या गाडीवर ती आणली की तिचं समर्थन उरत नाही.

यावर पुढचं उत्तर येतं : ‘गाडी रंगवायचीच आहे, मग रंग गेला तर बिघडलं कुठे?’ बिघडतं, आणि ते नव्या रंगावर दिसतं. थिनरने गम निघून जात नाही, तो पातळ होऊन पसरतो. चार इंचांच्या स्टिकरखालचा गम फूटभर जागेत अदृश्य पापुद्रा होऊन बसतो. त्यावर पॉलिश पेपर मारला की पेपर गच्च होतो आणि गम घासाच्या रेघांत भरला जातो. अशा जागी नवा रंग टिकून बसत नाही, गोल गोल फाटतो, पेंटर ज्याला फिशआय म्हणतात तसा. शिवाय उघड्या पडलेल्या तंतूंत आणि छिद्रांत जो थिनर मुरलेला असतो, तो बूथमध्ये गाडी तापवल्यावर बाहेर यायला बघतो, आणि ताज्या रंगाला बुडबुडे येतात. मग पेंटरला दोष दिला जातो, रंगाच्या कंपनीला दिला जातो, दमट हवेला दिला जातो. आठवडाभर आधी फडक्यावर ओतलेल्या थिनरची आठवण कुणी काढत नाही. गाडी रंगवायची असेल, तर गम अधिक काळजीने निघायला हवा आणि तो घासकामाच्या आधी निघायला हवा.

पेंट रिमूव्हर तर याहून वाईट. पत्र्यावरचा रंग उतरवण्यासाठी बनलेल्या जुन्या, जहाल रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराइड असायचं. ते रंग आणि रेझिन यांत भेद करत नाही, जेलकोटही चघळतं. माणसालाही ते सोडत नाही. बंद खोलीत त्याच्या वाफेने मृत्यू झाले आहेत, आणि अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१९ साली रंग उतरवण्यासाठी त्याची घरगुती ग्राहकांना होणारी विक्री बंद केली. बॉनेटवरच्या चिकट डागासाठी असं काही हातात घ्यायचं कारणच नाही.

उष्णतेबद्दलही पत्र्याचा अनुभव जसाच्या तसा फायबरवर लादला जातो. ‘हॉट एअर गन मारा, स्टिकर आपोआप सुटेल.’ पोलाद उष्णता चटकन आजूबाजूला वाहून नेतं, त्यामुळे पत्र्यावर गन काही क्षण एका जागी थांबली तरी निभावतं. फायबरमधून उष्णता पोलादाच्या मानाने शंभराहून अधिक पट कमी वाहते. ती जिथे पडते तिथेच साठते. सर्वसाधारण पॉलिएस्टर रेझिन साधारण ६० ते १०० अंश सेल्सिअसच्या टप्प्यात आपला ताठपणा सोडू लागतं, आणि गनच्या तोंडची हवा कित्येकशे अंशांची असते. परिणाम लगेच दिसेलच असं नाही. काही दिवसांनी तिरप्या उजेडात पाहिलं की रंगाखालून काचेच्या चटईची वीण वर उमटलेली दिसते. ती घासून जात नाही. ड्रिलला लावायच्या रबरी चाकाचंही हेच आहे. पत्र्यावर ते छान चालतं. फायबरवर घर्षणाची सगळी उष्णता एका रेघेत कोंडते, आणि कडांवर, जिथे जेलकोट आधीच पातळ असतो, तिथे चाक थेट तंतूंपर्यंत पोचतं.

खरवडण्याचा हट्ट कुठून येतो? गम म्हटला की जबरदस्ती हवीच, या समजातून. मोटारीवरच्या चिकटपट्टीचा इतिहास मात्र नेमकं उलट सांगतो. १९२०च्या दशकात अमेरिकेत दुरंगी मोटारींची फॅशन आली. एक रंग झाकून दुसरा मारायला पेंटर कागद गमाने चिकटवायचे, आणि कागद काढताना ताजा रंग उचकटून यायचा. मिनेसोटातल्या सेंट पॉलमधल्या एका गॅरेजमध्ये ३एमच्या रिचर्ड ड्रू या तरुणाने ही फजिती पाहिली आणि १९२५ साली मास्किंग टेप तयार केली. दाबल्यावर धरणारा आणि हळू ओढल्यावर सोडणारा गम, हाच त्या शोधाचा गाभा. आजच्या रेडियमच्या स्टिकरपासून डोअर व्हायझरच्या फोम टेपपर्यंत सगळे गम त्याच जातीचे आहेत. ते थंडीत कडक होतात, उबेने मऊ होतात. झटका दिला की घट्ट धरतात, सावकाश ओढलं की कमी जोरात सुटतात. फार तापवले की आतूनच फाटतात आणि अर्धा थर मागे ठेवतात. ही चाल ओळखून काम केलं तर पत्तीची गरज उरत नाही.

मग काम करायचं कसं? आधी साबणाच्या पाण्याने ती जागा धुवायची, कारण धुळीचा एक कण फडक्याखाली आला तरी ओरखडा उमटतो. गाडी सावलीत हवी. उन्हात तापलेल्या गडद बॉनेटवर द्रावण लावताक्षणी उडून जातं. केस वाळवायचा ड्रायर वीतभर लांबून फिरता ठेवायचा, आणि मधूनमधून उलटा हात त्या जागी टेकवून पाहायचा. हात निवांत टेकतो तेवढीच ऊब पुरे. स्टिकरचा कोपरा नखाने उचलायचा, तो स्वतःवरच उलटा दुमडायचा आणि पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, सावकाश ओढत न्यायचा. काटकोनात वर खेचला तर फायबरवरचा रंग पापुद्र्यासारखा सोबत येऊ शकतो. साच्याचं मेण नीट न पुसता रंगवलेल्या गाडीत ही भीती अधिक, कारण तिथे रंगाची पकड मुळातच कच्ची असते.

डोअर व्हायझर किंवा बॅजमागची फोम टेप असेल तर मासेमारीचा तंगूस घ्यावा. दोन्ही टोकं बोटांना गुंडाळायची, दोरा फोममध्ये घालायचा आणि करवतीसारखा मागेपुढे ओढत न्यायचा. फोम मधोमध चिरत जातो, वरचा तुकडा अलगद हातात येतो. बॉडीवर राहिलेल्या फोमवर अंगठ्याचा मऊ भाग टेकवून एकाच दिशेने रेटत राहिलं की त्याच्या काळपट वळ्या होतात आणि बराचसा थर त्या वळ्यांबरोबर सुटून येतो.

उरलेल्या चिकट्यासाठी रंगाच्या दुकानात मिळणारं मिनरल टर्पेंटाइन पुरतं, नसेल तर रॉकेल. तेही आधी झाकलेल्या जागी तपासून घ्यावं. सुती कापडाची घडी त्यात ओली करून गमावर काही मिनिटं ठेवावी. गम फुगतो, दुधाळ दिसायला लागतो आणि जुन्या प्लास्टिक कार्डच्या कडेने सरकायला लागतो. कार्ड आडवं धरावं, उभं नाही. प्रत्येक पुसण्याला कापडाची नवी बाजू घ्यावी, नाहीतर निघालेला गमच परत पसरतो. जिथे भेग आहे, रंग उडालेला आहे किंवा तंतू उघडे आहेत, तिथे ओली घडी ठेवायची नाही, तिथे फक्त अंगठा आणि कार्ड. शेवटी साबणाचं पाणी, आणि रंग लॅकर नसेल तर निम्म्या पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक हात, म्हणजे तेलकट थर राहत नाही.

घरगुती उपायांचीही या वादात बाजू आहे. खोबरेल तेल रबरी गमावर खरोखर काम करतं. ते गमात शिरतं, त्याला ढिलं करतं आणि रंगाला इजा करत नाही. फक्त नंतर ते पूर्ण धुऊन काढायला हवं. टूथपेस्ट मात्र वेगळी गोष्ट. तिच्यात घासणारी पूड असते, ती गम कमी आणि चकाकी जास्त काढते. पेट्रोल वापरूच नये. शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही त्याची वाफ पेट घेऊ शकते, त्यात बेंझिन असतं, आणि फायबर वीजरोधक असल्याने कोरड्या फडक्याने घासताना साठलेला विद्युत्भार जमिनीत जायला वाट नसते. टर्पेंटाइन आणि रॉकेलही ज्वालाग्राही आहेत, पण आपल्या हवेत त्यांची वाफ पेट्रोलसारखी क्षणात भरून राहत नाही. तरी दारं-खिडक्या उघड्या हव्यात आणि विडी-सिगारेट दूर.

एक गोष्ट तर अशी आहे की जिच्यामुळे चांगले कारागीरही फसतात. गम पूर्ण निघालेला असतो, तरी ट्रॅव्हल्सच्या नावाची अक्षरं बॉडीवर दिसत राहतात. ‘अजून गम आहे’ म्हणून थिनर पुन्हा येतो, मग कंपाउंड येतो, मग पेपर. ती अक्षरं गमाची नसतात. स्टिकरने ऊन अडवलेलं असतं, त्याखालचा रंग मूळ छटेत राहिलेला असतो आणि भोवतालचा फिका पडलेला असतो. ओळखायची खूण सोपी : बोट फिरवून पाहावं. गम असेल तर बोट अडतं आणि धूळ चिकटते. उन्हाचा ठसा असेल तर बोट सरळ सरकतं. त्यावर द्रावण ओतून काही साधत नाही. भोवतालचा रंग हलक्या पॉलिशने थोडा वर आणता येतो, काही ठसे वेळेबरोबर पुसट होतात, आणि काही संपूर्ण भाग रंगवेपर्यंत राहतात. गमाच्या नावाखाली जी जेलकोटची हानी होते, तिच्यातला मोठा वाटा या गैरसमजाचा आहे.

शेवटचा आक्षेप वेळेचा आणि पैशाचा. ‘एवढं करत बसलो तर दिवसाला एकच गाडी होईल.’ हिशोब तसा नाही. ओली घडी गमावर पडलेली असताना कारागिराला तिथे उभं राहावं लागत नाही, त्या वेळात दुसरं काम होतं. उलट पत्तीने जेलकोट फाटला तर भेग उघडायची, रेझिन भरायचं, लांबी लावायची, घासायचं, प्रायमर मारायचा, आणि जुन्या फिक्या रंगाला ठिगळ जुळत नाही म्हणून अख्खं पॅनल रंगवायचं. थिनरने वाचलेला अर्धा तास असा चार दिवस होऊन परत येतो. डॉल्फिनसारख्या गाडीचं नवं बॉनेट आज दुकानात मिळत नाही, त्यामुळे तिथे तर बदलून टाकण्याचा पर्यायही नाही.

फायबरची बॉडी असलेल्या प्रत्येकाने गॅरेजमध्ये गाडी सोडताना तीन प्रश्न विचारावेत : वर रंग कोणता आहे, कोणतं द्रावण लावणार, आणि ते आधी कुठे तपासून पाहणार. उत्तर ‘त्याला काय होतंय’ असं आलं तर गाडी परत न्यावी. गॅरेजवाल्यांनी लिटरभर टर्पेंटाइन, प्लास्टिकचे स्क्रेपर आणि तंगुसाचं एक रीळ कपाटात ठेवावं, खर्च किरकोळ आहे. थिनर रंगात मिसळायला आणि स्प्रेगन धुवायला आहे. फायबरच्या बॉडीवरचा गम काढायला त्याचा वापर बंद झाला पाहिजे.